दुसरं पान चुलीत

मुरुड, ९ सप्टेंबर

अक्का,

आधी सांगून टाकतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. तू अप्पाला पाठवलेलं पत्र म्या फोडलं. पाकिटावर तू एवढं मोठं लिहिलं व्हतं, अप्पांच्याच हातात द्यावे. पण पोस्टमन दुकानावर आला अन् म्हणला, गुरुपादप्पाचं पत्र हाय, घे, मला उन्हात घरापस्तोर कामून चालवतोस. घेतलं. अन् अप्पाचा उजवा हात तर तुला मालूमच हाय, खाटेवर दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यावानी पडून असतो. त्यांनी पाकीट कसं फोडलं असतं? म्हणून म्या फोडलं. फोडलं म्हणून वाचलं.

तीन पानं व्हती. पहिलं अन् तिसरं अप्पाला वाचून दाखवलं. दुसरं चुलीत घातलं.

आई शेंगा भाजून राहिली व्हती. म्हणली, काय जाळलंस रे? म्हणलं, लाईटचं जुनं बिल.

दुसऱ्या पानावर तू लिहिलं व्हतं, त्या दिवशी जीपमधी काय काय झालं ते अप्पांनी आठवावं, लोह्यापस्तोर चांगले बसलेले माणूस एकदम कशानं पडले, त्यांच्याशी कोण काय बोललं, हे सगळं मनूकडून लिहून घ्यावं, पोलिसांना लागतंय. अक्का, डॉक्टरनं सांगितलंय, ह्यांच्या डोक्याला ताण देऊ नका. आपली लेक मेली म्हणून निघालेल्या माणसाला ती जीप परत आठवायला लावायची का? एवढ्यासाठी जाळलं. दुसरं काही न्हाई.

तुझा फोन नांदेडला पोलिसांपाशी जमा, दाजीनं सिम बदललेलं, तुमच्या गावात टावर धड न्हाई, म्हणून हा कागद. बारावीच्या पेपरानंतर एवढं कधी लिहिलं न्हाई. बारावीच्या पेपरात बी एवढं लिहिलं नव्हतं.

आता माझं ऐक. ज्यानं कुणी तुझ्या फोटोला हार घालून ते श्रद्धांजलीचं कार्ड मोबाईलवर सोडलं ते एखादं बेकार पोरगं असंल. मजाक केली असंल. तू जिती हायस, झालं ना. भोकरवरून नांदेडला किती खेटे घालशील? दाजीची एक एक दिवसाची मजुरी बुडती. सासूबाई बोलून राहिल्यात म्हणतीस. तक्रार मागं घे. अप्पाला बी बरं वाटंल.

तुमच्या गावातल्या मोबाईल रिपेरीवाल्या दयानंदला पोलिसांनी बोलावलं म्हणतीस. असंल बी बाबा. तुझे व्हिडिओ तोच काढून द्यायचा, फोटो बी त्याच्यापाशी व्हते. म्या इथं मुरुडात बसून काय सांगू.

गोळ्या टायमावर चालू हायत. आईचा निरोप, अंगाला जप.

तुझा
मन्मथ


मुरुड, २३ सप्टेंबर

अक्का,

दुसरं पान तू परत लिहून पाठवलंस. वर लिहिलंस, हे बी जाळ, माझ्यापाशी दोनशे पानी वही हाय. म्या दुकानात वाचलं अन् हसलो. शिवलिंगमालक म्हणले, कुणाचं लव्ह लेटर हाय रे? म्हणलं, बहिणीचं. म्हणले, मग हसतोस कामून?

लाईट गेलीय. फ्लेक्सचं मशीन बंद हाय, म्हणून निवांत लिहून राहिलो. बाहेर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस अर्धाच छापून लटकलाय. डोकं हाय, धड न्हाई.

ते झेरॉक्सवाल्याचं तू लिहिलंस ते म्या दोनदा वाचलं. पोलीस म्हणले, शिव्यांचे सगळे स्क्रीनशॉट छापून फायलीला लावा, म्हणून तू पेन ड्राईव्ह घेऊन गेलीस. दोनशे चौदा पानं. दुकानात सात-आठ गडी उभे. पोरगं एक एक पान काढायचं, वाचायचं, मग शेजारच्याला द्यायचं. तू म्हणलीस, बाबा, पालथं ठेव. तर ते म्हणलं, मावशी, पालथं ठेवलं तर शाई पसरती. अक्का, ते खोटं बोललं. त्या मशीनची शाई पसरत न्हाई. म्या चार वर्षं ह्याच धंद्यात हाय. तू तिथं पाऊण घंटा उभी राहिलीस अन् सगळी पानं मोजून घेतलीस. म्या असतो तर पन्नासाव्या पानाला पळून आलो असतो.

त्या शिव्या मला नव्या न्हाईत. म्या सगळ्या वाचलेल्या हायत. सोयाबीन खुरपता खुरपता तू व्हिडिओत म्हणलीस, लग्नाच्या पंगतीत बाया शेवटी बसतात, तवर वरणाचं पाणी झालेलं असतं, एखाद्या वर्षी गड्यांनी वाढून बघावं. एवढंच म्हणलीस. त्याच्यावर गडी तुटून पडले. पहिले म्हणले, नवऱ्याला वाढ. मग म्हणले, तुला वाढतो. मग त्याच्यापुढचं. पंचवीस-तीस जण तर रोजचे व्हते, हजेरी लावल्यावानी. दाजीचा नंबर कुणीतरी शोधून काढला अन् त्यांना फोन करून बायकोचा भाव इचारायला लागले. म्हणून दाजीनं सिम बदललं, तू फोन बंद करून डब्यात ठेवला. आठ दिवसांनी ते कार्ड आलं.

आता एक सांगतो, चिडू नको. त्या रोजच्यांमधी 'एरंडाचं तेल' नावाची आयडी व्हती बघ. ती माझी.

थांब, पुरं वाच. शिवी एक बी देली न्हाई म्या. तू भाकरी दाखवलीस की लिहायचो, हिच्या भाकरीनं आमच्या गावात बांध घातला. असलंच. लहानपणी तुझ्या दप्तरात बेडूक ठेवायचो तसंच. अन् सुरुवात तू केली व्हतीस. तूच व्हिडिओत सांगितलंस ना, माझा भाऊ गणिताच्या पेपराला बनियनमधी कॉप्या घालून गेला, घामानं सगळी शाई पोटावर उमटली, सरांनी शर्ट वर करायला लावला अन् पोटावरूनच पेपर तपासला. तीन लाख लोकांनी बघितलं. तू मायेनं सांगितलंस, मला मालूम हाय. पण मुरुडच्या बाजारात म्या चाललो की भाजीवाली बी म्हणायची, ए बाबा, पोट दाखव की. गिऱ्हाईक बॅनरचा मजकूर सांगायला यायचं अन् आधी पोट दाखव म्हणायचं. कॉलेजच्या गेटाला जिच्यासाठी वर्षभर उभा राहिलो, तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते पोट दाखव म्हणायलाच.

म्हणून ती आयडी. कार्ड माझं न्हाई. कार्डाचं मला इचारू नको.

उलट कार्डानंतर म्या अजून पाच आयड्या काढल्या अन् तुझ्या बाजूनं त्यांच्याशी भांडलो. कुणी तुझ्या दहाव्याची तारीख टाकायचं, कुणी इचारायचं तेराव्याला बुंदी का लाडू, कुणी रोज सकाळी नवीन हार घातलेला फोटो. पाच तोंडानं भांडलो. त्यांनी पाच बी तोंडावर आईवरून शिव्या देल्या. आई तवा समोर बसून अप्पाला खिमट भरवून राहिली व्हती.

तक्रार मागं घे, अक्का. तुझ्या पाया पडतो.

मन्मथ


मुरुड, १२ ऑक्टोबर

अक्का,

तुझं पत्र काल आलं. अक्षर तुझं वाटलं न्हाई. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंस.

दयानंदला एवढं मारलं? दाजी असं करणारे माणूस नव्हते. कोंबडी कापायची तरी तोंड फिरवायचे. तू लिहिलंस की त्याच्या दुकानाचं शटर वाकवलं, दुरुस्तीला आलेले लोकांचे मोबाईल रस्त्यावर फेकले, त्याची म्हातारी ते मोबाईल पदरात गोळा करून राहिली व्हती. अन् तो मारणाऱ्यांना एवढंच म्हणत व्हता की कार्डावरची वहिनीच्या घरच्यांची नावं मला कुठून मालूम असणार.

सासूबाईचं बी वाचलं. त्या म्हणून राहिल्या की एवढं ज्यानं केलं त्याचा हिच्यावर जीव असणार, जीव असल्याबिगर कोण कुणाला हार घालतं. अन् दाजी म्हणले, दिवाळीपस्तोर पोलिसांकडून काही निघालं न्हाई तर तुला मुरुडला सोडून येतो, मग परत न्यायला येत न्हाई. लेकरू ठेवून घेतो म्हणले. हे तू सगळ्यात खाली, बारक्या अक्षरात लिहिलंस. मला दिसलं.

माझं डोकं चालंना झालंय. म्या दाजीला समजावतो. सोयाबीन निघालं की येऊन जाईन. पोलिसांचं बी काय सांगावं, कंपनीकडून माहिती यायला महिने लागतात म्हणतीस, मग तवर कुणीतरी धीर धरावा ना.

अप्पाचं सांगतो, तेवढंच बरं हाय. लातूरचे डॉक्टर म्हणले, वाचा जाग्यावर येऊ शकती, पण रोज सराव पाहिजे. एक एक शब्द समोर बसून म्हणून घ्यायचा. पाणी. भाकर. पाऊस. सहा महिने नेमानं केलं तर पुरं वाक्य बी बोलतील. आईनं ते काम माझ्याकडं देलंय. मी अडाणी, तू शिकलेला, म्हणली. घरात म्या शिकलेला, बघ. रोज दुकानाला जायच्या आधी पंधरा मिनिटं दार लोटून बसतो.

अन् एक शब्द त्यांना येतो. मनू. दुसरं काही न्हाई, नुसतं मनू. म्या दिसलो की मनू. डावा हात वर करून, मनू, मनू. आई रडती. भेटायला येणाऱ्या एक एक माणसाला सांगती, बघा, जीभ गेली पण लेकाचं नाव गेलं न्हाई. रुक्मिणआत्या शिरूर अनंतपाळहून आलती, ती तर माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणली, पोरा, लई पुण्यवान हायस.

तू तिसऱ्यांदा इचारलंस म्हणून जीपचं लिहितो. लोह्याला चहा प्यायला थांबलो. अप्पा खाली उतरले न्हाईत. म्या त्यांच्यापाशी बसलो व्हतो. एकदम वाकडे झाले. कुणी काही बोललं न्हाई. ड्रायव्हरनं गाडी सरळ नांदेडला दवाखान्यात घातली. पुढचं तुला मालूम हाय.

लेकराला पापा.

मन्मथ


मुरुड, २७ ऑक्टोबर

अक्का,

ह्या येळी पाकिटात तुझं पत्र नव्हतं. नुसतं ते कार्ड, छापलेलं. खाली शोकाकुलमधल्या एक एक नावाखाली तू पेनानं रेघ मारलीस. वडील गुरुपादप्पा. आई. आत्या रुक्मिणबाई. चुलते, मामा, पती वैजनाथ, सासू साखराबाई, समस्त हालकुडे परिवार. अन् बाजूला कोऱ्या जागेवर गोल करून लिहिलंस, ह्यात तुझं नाव कुठं हाय?

म्या दोन पानं लिहून राहिलो. हे पहिलं पान पोलिसांना दे, दाजीला दाखव, गावात चावडीवर लाव. दुसरं पान तुझं.

म्या, मन्मथ गुरुपादप्पा हालकुडे, राहणार मुरुड, लिहून देतो की राजकन्या माझी सख्खी बहीण हाय अन् तिच्या मरणाचं खोटं कार्ड म्या बनवलं. पाच ऑगस्टला दुपारी. दुकानाचे मालक जेवायला गेल्ते, त्यांना काही मालूम न्हाई. सकाळपासून तिघांनी मला पोट दाखव म्हणलं व्हतं. दुकानाच्या कंप्युटरात श्रद्धांजलीचा साचा तयारच असतो, फोटो अन् नावं बदलायची. अशी चारशे तरी कार्डं म्या केली असतील. हात आपोआप चालतो. आपल्यात कैलासवासी लिहीत न्हाईत, लिंगैक्य लिहितात, तेच लिहिलं. शोकाकुलमधी सगळ्या घरादाराची नावं ओळीनं टाकली, कारण नावं न टाकता कार्ड म्या कधी केलेलंच न्हाई. भावाच्या जागेवर आलो अन् माझं नाव टाकवलं न्हाई. ती जागा तशीच सोडली.

'एरंडाचं तेल' ह्या आयडीवरून टाकलं. पासवर्ड ह्या पानाच्या मागं लिहिलाय. चाळीस मिनिटांत काढून टाकलं, पण तवर शेकड्यांनी पुढं पाठवलं व्हतं. दयानंदचा ह्याच्याशी काही संबंध न्हाई. त्याला घरच्यांची नावं मालूम नव्हती, हे तो खरं बोलून राहिला. माझ्या बहिणीचा बी काही दोष न्हाई. दयानंदच्या दुकानाचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळं झालं. म्या पोलिसांपुढं यायला तयार हाय.

सही, मन्मथ गुरुपादप्पा हालकुडे.


दुसरं पान

अक्का, हे वाचताना एकटी बस.

मला वाटलं व्हतं, तू कार्ड बघशील, दचकशील, अन् मला फोन करून म्हणशील, मन्या, तूच ना रे ते. म्या हसीन. तू शिव्या देशील. म्या सातवीत असताना कणगीमागं मेल्याचं सोंग घेऊन पडलो व्हतो, तू गल्ली गोळा होईल एवढी रडलीस, मग दोन थापडा देल्यास अन् मग गूळ-शेंगदाणे. तसंच होईल वाटलं. पण तू फोन बंद करून डब्यात ठेवलेला. सगळ्या दुनियेनं बघितलं, तूच बघितलं न्हाईस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी ते भावकीच्या ग्रुपवर टाकलं. म्या दुकान झाडून राहिलो व्हतो. आई रस्त्यानं पळत आली, डोक्यावर पदर न्हाई, पायात चप्पल न्हाई. मागं जीप उभी. म्हणली, मनू, बस गाडीत, आपली राजू गेली. रुक्मिणआत्याची जीप शिरूरहून आधीच निघाली व्हती. तुला फोन, दाजीला फोन, सगळे बंद. म्या म्हणलं, आई, खोटं असंल, आजकाल लोक असली कार्डं बनवतेत. तर चुलते म्हणले, येडा हायस का, घरातल्या माणसाबिगर आपल्या एवढ्या जणांची नावं कोण टाकील? कार्ड त्यांच्या हातात व्हतं. नावं माझ्याच हातची.

बसलो जीपमधी. अप्पाच्या शेजारी. लातूरला ठरवलं, बायपास आला की सांगतो. चाकूर गेलं. अहमदपूरला आईला उलटी झाली, म्या तिला पाणी देलं, पाठीवर हात फिरवला अन् सांगितलं न्हाई. चुलते फोनवर आत्याला सांगून राहिले व्हते की आम्ही येईपस्तोर माती देऊ नका म्हणावं. अप्पा रडत नव्हते. मांडीवर तुझी साडी घेऊन बसले व्हते. माहेरची साडी लागती ना शेवटची. हिरवी व्हती, दिवाळीला तुला द्यायची म्हणून आईनं ठेवलेली. तिची घडी अप्पा मोडायचे अन् परत घालायचे. लातूरपासून लोह्यापस्तोर हेच.

लोह्याला सगळे चहाला उतरले. गाडीत अप्पा अन् म्या. म्या त्यांच्या कानाशी वाकलो. म्हणलं, अप्पा, ऐका. अक्का जिती हाय. ते कार्ड म्या बनवलंय. मजाक केली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मग उजवा हात वर केला. म्या डोळे मिटून गाल पुढं केला. थापड आली न्हाई. मला वाटलं, थांबले. मला वाटलं, अप्पांनी माफ केलं. म्या डोळे उघडायच्या आधी हसलो बी असेन, अक्का. उघडले तर हात खाली साडीवर पडला व्हता अन् तोंड एका बाजूला गेलं व्हतं. तरी ते म्हणायला बघून राहिले व्हते. मनू. मनू. तेवढाच शब्द तोंडात राहिला, तोच अजून हाय.

आई म्हणती लेकाचं नाव घेतेत. ते नाव घेत न्हाईत. ते सांगून राहिलेत. कुणी आलं की माझ्याकडं डावा हात करून सांगतेत, मनू, मनू, अन् समोरचं माणूस पदरानं डोळे पुसून माझ्या पाठीवर हात ठेवतं.

दवाखान्यात तू आलीस. तुझ्या हाताला कणीक वाळलेली तशीच. तुझ्या दारात आत्याची जीप थांबली, आत्या छाती बडवत उतरली अन् तू परातीवरून उठून बाहेर आलीस, हे तूच तिथं सांगत व्हतीस. म्या भिंतीपाशी उभा व्हतो. तू मला कवटाळलंस अन् म्हणलीस, रडू नको मनू, म्या हाय ना. तवा सांगायला पाहिजे व्हतं.

अजून एक राहिलं. सराव म्या घेत न्हाई. दार लोटतो अन् पंधरा मिनिटं मोबाईल बघत बसतो. अप्पा खाटेवरून माझ्याकडं बघत बसतात. आईला सांगतो, आज पाणी म्हणले, आज भाकर म्हणायला आले व्हते. डॉक्टरनं सहा महिने म्हणलंय अन् त्यातले अडीच म्या खाल्ले. ते बोलायला लागले तर पहिलं काय बोलतील, मला मालूम हाय ना.

तुझं कार्ड आल्यावर आज सकाळी पहिल्यांदा खरा बसलो. मोबाईल बाहेर ठेवला. म्हणलं, म्हणा अप्पा, पाणी. ते म्हणले, मनू. म्हणलं, पाणी. म्हणले, मनू. दहा-बारा येळा. मग ओठ लई हलले, लाळ गळली, म्या पुसली, अन् ते म्हणले, मनू, कामून?

दुसरा शब्द आला, अक्का. आईला अजून सांगितलं न्हाई.

उद्यापासून रोज बसणार हाय. पोलीस नेईपस्तोर तरी. त्यांना बोलता आलं अन् त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर सांगू दे. त्यांचं हाय ते. म्या तोंड धरणार न्हाई. पण तू सांगू नको. कार्डाचं सांग, सगळ्यांना सांग, मला जेलमधी घातलं तर डबा आणू नको. लोह्याचं तेवढं सांगू नको. आई त्या एका शब्दावर जगून राहिलीय. भाकर करताना मधीच थांबती अन् ऐकती, आतून मनू आलं की परत थापायला लागती. तिला कळलं की त्या शब्दात काय हाय, तर ती कुणाकडं बघंल? दाजीला न्हाई, आत्याला न्हाई, पोलिसांना न्हाई, लेकरू मोठं झालं तरी त्याला बी न्हाई. तुझ्या पाया पडतो, अक्का. लहानपणी माझं सगळं झाकलंस, हे एक झाक.

पहिलं पान पदराला बांध. हे दुसरं पान वाचलं की चुलीत घाल. सासूबाईंनी इचारलं काय जाळलंस, तर म्हण, लाईटचं जुनं बिल.